कोड्यात ऱ्हस्व-दीर्घ माफ

मी लिहावं असं माझ्याकडे फार काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे फॉर्म भरणं. रेशनकार्डाचा, गॅसचा, माझ्या स्कॉलरशिपचा. वडील सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. कॉलेजात गेलेला मी घरातला पहिलाच, आणि तोही मराठी घेऊन बी.ए. करणारा. पुढे काय करणार असं कुणी विचारलं तर मला अजून नीट उत्तर देता येत नाही. त्यामुळे हे वाचून कुणा जाणत्या माणसाला वाटलं की या पोराला एवढ्यात आठवणी लिहायची काय घाई होती, तर त्यांचं चूक नाही. त्यांनी मला माफ करावं. पण गेल्या वर्षी माझ्या हातून एका बाईंचं नुकसान झालं, की झालं नाही, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. ते सांगितल्याशिवाय दुसरं काही लिहायला घेतलं की हात थांबतो.

सगळं झालं ते वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्यामुळे.

मी भांडुपला टेकडीवर राहतो. सकाळी सातला कॉलेज असतं आणि दुपारी बारापासून आठपर्यंत मी मुलुंड स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात उभा असतो. तिथे रोज साडेबाराच्या सुमारास एक काका यायचे. बँकेतून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. पेपरचं एकच पान पुढे करायचे आणि म्हणायचे, “कोड्याच्या दोन कॉप्या.”

एक दिवस मी विचारलं, “काका, दोन कशाला? कोडं तर एकच आहे ना?”

“घरात पेपर एक आणि डोकी दोन. चाळीस वर्षं संसार टिकवायचा तर दोन कॉप्या लागतात रे. एक माझी, एक हिची. काढ तू.”

त्या दिवशी मशीन गरम होईपर्यंत मी त्यांच्याकडचं कालचं कोडं पाहत होतो. ते त्यांनी अर्धवट भरलेलं होतं. ‘लहान ओढा’, तीन अक्षरं. त्यांनी ‘ओहोळ’ लिहिलं होतं. त्याच पहिल्या चौकोनातून खाली उतरणारा शब्द होता ‘पाट्याचा सोबती’, चार अक्षरं. तो वरवंटा असणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, पण पहिल्या चौकोनात ‘ओ’ बसला होता आणि काकांनी तो दोनदा गिरवला होता.

“काका, ते वहाळ असेल.”

“काय असेल?”

“वहाळ. व, हा, ळ. आमच्याकडे गावी व्हाळ म्हणतात. ओढ्यालाच.”

काकांनी पेन काढलं, काउंटरवरच ‘ओ’ खोडला आणि माझ्याकडे बघितलं. “शिकतोस काय?”

“मराठी. एस.वाय.”

“हां. मराठीचा आहेस तर.” असं म्हणून त्यांनी माझा नंबर घेतला आणि संध्याकाळपर्यंत मी एका व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये होतो.

ग्रुपात साठेक माणसं होती. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, गोरेगाव. बहुतेक निवृत्त. रोज सकाळी कोड्याचा फोटो यायचा, दिवसभर उत्तरांवरून भांडणं व्हायची. काकांनी माझी ओळख करून दिली ती अशी: “उद्यापासून रोजच्या कोड्याची उकल हे समजावून सांगतील. हे मराठीचे आहेत.”

मला वाटतं सगळं त्या एका वाक्यात झालं. काका मनमिळाऊ, ते दुकानातल्या पोऱ्यालाही चारचौघांत अहो-जाहो करतात. पण ‘हे मराठीचे आहेत’ असं वाचल्यावर साठ माणसांनी एकच अर्थ लावला. दहा मिनिटांत नमस्कारांची रांग लागली. “सर, स्वागत.” “सर, कुठल्या शाळेत होतात?” “निवृत्तीनंतरही सेवा, वंदन.”

मी दुसऱ्या दिवशी काकांना म्हटलं, “काका, ते मला सर म्हणतात.”

“मग म्हणू देत की.”

“अहो पण मी वीस वर्षांचा आहे.”

“ते सांगितलंस तर तुझं एक उत्तर कुणी ऐकून घेईल का? इथे माझं ऐकत नाहीत, मी एकाहत्तरचा आहे. राहू दे रे. लोकांना बरं वाटतं.”

मी राहू दिलं. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. दुकानात मला ‘ओ झेरॉक्सवाले’ म्हणतात.

कोडं सोडवणं आणि समजावून सांगणं यात फरक आहे हे मला पंधरा दिवसांत कळलं. सोडवलेलं कोडं संपतं. समजावून सांगितलेलं संपत नाही. मराठी कोड्यात एका चौकोनात एक अक्षर असतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. जोडाक्षर असेल तर तेही एकाच चौकोनात कोंबायचं. मी पहाटे साडेपाचला पाण्याच्या नळीजवळ बसून, हंडे भरेपर्यंत, मोबाइलवर आदल्या दिवसाच्या कोड्याची उकल लिहायचो. कोडं रचणारे गृहस्थ कोण होते देव जाणे, पण त्यांना ‘एक पक्षी’, ‘एक वृक्ष’, ‘एक राग’ असे संकेत द्यायला फार आवडायचं. एक पक्षी म्हणजे मी काय समजावून सांगू? तरी मी लिहायचो. हा पक्षी कसा दिसतो, त्याला हे नाव का, कुठल्या म्हणीत येतो. मग दिवसभर प्रश्न. “सर, ‘नवरा’ला ‘दादला’ का नाही चालणार?” “चालेल काकू, पण चौकोन दोनच आहेत.” लेक्चरला मला झोप यायची. कुणाला उशीर झाला तरी चालतं, पण सरांना साडेसात वाजले की ग्रुपात काळजी सुरू: “सर आज बरे आहेत ना?”

त्या ग्रुपात दिंडोशीच्या एक मावशी होत्या. मावशी म्हणजे त्या खरोखरच एका शाळेत मावशी होत्या, लहान मुलांना बाथरूमला नेणाऱ्या, डबे उघडून देणाऱ्या. मुलं वर्गात गेली की ऑफिसातला पेपर गेटजवळच्या स्टुलावर बसून वाचायच्या आणि कोडं सोडवायच्या. ग्रुपवर त्या कधीच बोलायच्या नाहीत. एक दिवस मला वेगळा मेसेज आला: “सर एक विचारू ना. रागावणार नाही ना.”

त्या दहावीला बसत होत्या. सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून. नववीत शाळा सुटली होती, त्याला पंचवीस-सव्वीस वर्षं झाली. शाळेने सगळ्या मावशींना सांगितलं होतं, जूनपासून दहावी पास असेल तिला शाळेच्या पटावर ठेवू, बाकीच्यांनी कंत्राटदाराकडे जायचं. पटावर म्हणजे पगारी रजा, सुट्टीचा पगार. कंत्राटदाराकडे म्हणजे ज्या दिवशी काम त्या दिवशी पैसे, आणि उन्हाळ्याचे दोन महिने घरी. त्यांच्याबरोबरच्या दोघींनी हात टेकले होते. या बसल्या होत्या.

“तुमचं समजवणं मला कळतं सर,” त्यांनी लिहिलं. “क्लासमधले सर भराभर जातात.”

त्यानंतर त्यांचे प्रश्न रोज एक-दोन येऊ लागले. समानार्थी शब्द, वाक्प्रचार, समास. त्या कधी व्हॉइस मेसेज पाठवायच्या. आवाजात मालवणी हेल होता, आमच्या आईसारखा. वाक्य मुंबईचं, पण शेवट गावाकडचा. मी फक्त लिहून उत्तर द्यायचो. एकदा त्यांनी फोन केला, मी उचलला नाही. माझा आवाज ऐकला असता तर निवृत्त सर तिथेच संपले असते.

“घसा बसलाय का सर?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी लिहिलं.

जानेवारीत एक कोडं आलं. आडवा शब्द ‘हालत’, चार अक्षरं, परिस्थिती. त्याच्या शेवटच्या चौकोनातून खाली उतरणारा शब्द ‘बांगड्याच्या कालवणात हमखास पडणारे फळ’, चार अक्षरं, तिरफळ. म्हणजे एकाच चौकोनात आडवं वाचलं तर दीर्घ ‘ती’ आणि उभं वाचलं तर ऱ्हस्व ‘ति’. हे मराठी कोड्यांत होतंच, कारण मराठी शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ आणि पुष्कळ शब्दांच्या सुरुवातीची ऱ्हस्व. रचणारा तरी काय करणार. मी उकलीत लिहिलं: “इथे ति लिहा नाहीतर ती, दोन्ही बरोबर. कोड्यात ऱ्हस्व-दीर्घ माफ.” ग्रुपात ते वाक्य आवडलं. कुणी तरी त्याला टाळ्या दिल्या.

दुपारी मावशींचा मेसेज आला: “सर ते ऱ्हस्व दीर्घ कुठलंही चालतं ना?”

दुकानात गर्दी होती. कुणाचं तरी पॅनकार्ड काचेवर उलटं पडलं होतं, मालक ओरडत होते. मी एका हाताने लिहिलं, “हो. चालतं.”

त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मी विसरून गेलो.

मराठीच्या पेपराला अकरा दिवस राहिले तेव्हा त्यांनी मला वहीच्या दोन पानांचा फोटो पाठवला. निबंध होता, ‘शाळेची घंटा बोलते’. कल्पना छान होती. घंटा म्हणत होती की मला रोज एकच बाई वाजवते आणि तिला मी कधी घरी जायचं ते सांगते, पण तिला घरी जायचं नसतं. मी एवढं वाचलं आणि मग अक्षरांकडे लक्ष गेलं. ‘मि शाळेचि घंटा.’ ‘पाणि प्यायला मुलं येतात.’ ‘शीपाइ.’ ‘तीच्या डोळ्यात पाणि येतं.’ दोन पानांत एकही वेलांटी जागेवर नव्हती.

मी लिहिलं, “मावशी, यात ऱ्हस्व-दीर्घ बरंच चुकलंय. आधी तुमचं असं नव्हतं.”

त्यांचा व्हॉइस मेसेज आला. मागे मुलांचा गोंगाट होता. “हो ना सर. आधी मी ते नियम पाठ करत होते, अंत्य आणि उपान्त्य आणि काय काय. तुम्ही सांगितलंत ना, कुठलंही चालतं, माफ असतं. म्हणून सोडून दिलं. त्या वेळात गणित करते. माझं गणित लय कच्चं आहे सर.”

मी तो मेसेज कॉलेजच्या जिन्यात उभा राहून दोनदा ऐकला. त्यांनी कोड्याचं विचारलं नव्हतं. परीक्षेचं विचारलं होतं. आणि दुसऱ्या कुणी ‘चालतं’ म्हटलं असतं तर त्यांनी क्लासमध्ये एकदा विचारून घेतलं असतं. सरांनी म्हटल्यावर कशाला विचारतील?

आता मला ठाऊक आहे की शुद्धलेखनाला काही पेपरातले निम्मे गुण नसतात. तेव्हाही ठाऊक होतं. पण काठावरच्या माणसाला दोन-चार गुणही पुष्कळ, आणि तपासणाऱ्याला पहिल्या ओळीत ‘मि’ दिसलं तर पुढचं तो कुठल्या नजरेने वाचणार, हेच माझ्या डोक्यात फिरत राहिलं. मी त्यांना लिहिलं की माझी चूक झाली, ते फक्त कोड्यापुरतं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, “मग आता?”

मग अकरा दिवस मी त्यांना रोज दहा-दहा शब्द पाठवले. मी, ती, आई, पाणी, शेवटची दीर्घ. शिपाई, विहीर, सुरू, शिक्षण. त्या संध्याकाळी लिहून फोटो पाठवायच्या. ग्रुपवरच्या उकलीतही मी प्रत्येक शब्दाची वेलांटी समजावायला लागलो, त्या वाचतील म्हणून. दोन-तीन दिवसांनी घाटकोपरच्या एका आजोबांनी लिहिलं, “सर, हे कोडं आहे, व्याकरणाचा तास नव्हे. आमची दहावी झाली आहे.” त्यावर खूप जण हसले. मला हसू आलं नाही. झोप पूर्ण होत नव्हती, आणि मावशींच्या वहीत चुका कमी होत होत्या पण संपत नव्हत्या. आधी येत असलेलं त्यांना आता आठवून लिहावं लागत होतं.

मराठीचा पेपर झाला त्या दुपारी त्यांचा मेसेज आला: “सर पेपर झकास गेला. निबंध घंटेचाच आला नाही पण लिहिला. सगळं तुमच्यामुळे. देव तुम्हाला मोठं आयुष्य देवो या वयात.”

‘या वयात’ हे शब्द मला सहन झाले नाहीत.

घरी आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “त्या बायेक खरा काय ता सांग आणि मोकळो हो. किती दिस सोंग घेऊन ऱ्हवतलंस?”

मी त्याच संध्याकाळी लिहिलं. मोठा मेसेज झाला, तीन वेळा खोडला. मी सर नाही. निवृत्त नाही. वीस वर्षांचा आहे, एस.वाय.ला आहे, मुलुंडला झेरॉक्सच्या दुकानात काम करतो. तुम्हाला ‘चालतं’ म्हणालो ते गर्दीत, नीट न वाचता. मला माफ करा.

दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर आलं नाही. त्यांचा पुढचा पेपर इंग्रजीचा होता, दोनच दिवसांनी. हे मला मेसेज गेल्यावर आठवलं. मोकळं व्हायची घाई मला होती, पेपर त्यांचे चालू होते. मी तो मेसेज मागे घेता येतो का पाहिलं. पण वाचलेलं मागे घेऊन काय होणार?

इंग्रजीच्या सकाळी मी ‘शुभेच्छा’ लिहिलं. खुणा उमटल्या. गणिताच्या सकाळी पुन्हा लिहिलं. त्यानंतर लिहिलं नाही.

एप्रिल गेला. ग्रुपवर त्या होत्या, पण त्या तिथे कधी बोलतच नव्हत्या, त्यामुळे असणं-नसणं कळायचं नाही. मी काकांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातल्या दोन्ही कॉप्यांची घडी घातली. “मी गंमत केली रे,” म्हणाले. “उगाच केली.” त्यांनी ग्रुपवर खरं सांगून टाकू का असं विचारलं. मी म्हटलं सांगा. त्यांनी सांगितलं. ग्रुप अर्धा दिवस गप्प होता, मग कुणी तरी लिहिलं, “वा बाळ, कौतुक आहे,” आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या प्रत्येक उत्तरावर तीन-तीन शंका येऊ लागल्या. काकांचं म्हणणं खरं होतं. मी उकल लिहीत राहिलो, कारण थांबवायलाही काहीतरी सांगावं लागलं असतं.

निकालाच्या दिवशी आमच्या वस्तीत पेढे वाटले जात होते. मावशींचा बैठक क्रमांक माझ्याकडे होता, फेब्रुवारीत त्यांनी देवापुढे ठेवा म्हणून पाठवला होता. पण निकाल बघायला आईचं नावही लागतं. मी नंबर टाकला आणि त्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसलो. मग आमच्या गावाकडे त्या पिढीतल्या बायकांची जी नावं असतात ती एकामागून एक टाकून पाहिली. पाच-सहा टाकली. मग लाज वाटली. कुणाच्या मेलेल्या किंवा जिवंत आईचं नाव मी अंदाजाने भरत होतो, जणू ‘एक स्त्री, तीन अक्षरं’.

शाळा उघडायच्या आदल्या शुक्रवारी दुपारी, दुकानात शाळेच्या फॉर्मांची गर्दी असताना फोन वाजला. त्यांचाच. या वेळी मी उचलला.

“हॅलो.”



“तूच काय रे तो?”

“हो मावशी.”

“अरे देवा. आवाज तर अजून फुटतोयसा वाटतो. आणि मी तुला दीर्घायुष्य मागत होते.” त्या हसल्या. “माझा मोठा तुझ्याएवढा आहे. त्याला सांगितलं तर तो दोन दिवस मला सर-सर म्हणून चिडवत होता.”

“मावशी, मी खरंच...”

“ते वाचलं रे मी. किती वेळा माफी मागशील? मला राग आला होता, नाही असं नाही. मग कामात राहून गेलं.”

मालक माझ्याकडे बघत होते. मी कागदांच्या गठ्ठ्यावर बसलो. “निकाल?”

“तोच सांगायला फोन केला. तू सारखा बघत असशील असं वाटलं. गणित पस्तीस! बरोब्बर काठावर. मुलीने तीन वेळा बघितलं.”

“आणि मराठी?”

“मराठी एकसष्ट. घाबरला होतास ना?”

समोरच्या बाई फॉर्म हलवत होत्या, मी त्यांना हाताने थांबायची खूण केली. “म्हणजे पास! मावशी, पास झालात!”

“नाही रे.” त्यांचा आवाज तसाच होता, भाजीचा भाव सांगावा तसा. “इंग्रजी गेलं. बावीस.”

मी समोरच्या बाईंचा फॉर्म घेतला आणि काचेवर ठेवला.

“बसले लिहायला आणि त्या दिवशी डोकं चालेचना. येत होतं तेही आठवेना. अर्धा पेपर कोरा. जुलैत परत बसता येतं म्हणतात.”

“मग शाळा? जुलैपर्यंत थांबतील ना?”

“शाळा कशाला थांबतेय? सोमवारपासून कंत्राटदाराकडे. निळा ड्रेस दिलाय, पँट आहे खाली, मला सवय नाही. शाळेच्या दोन साड्या होत्या त्या उद्या परत करायच्यात, धुऊन, इस्त्री करून. तेच करत बसलेय आता.”